सरांना विचारले, तर मुलाचे नाव कापले जाईल का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका आईचे हे पत्र आहे. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा सहावीत असून दोन वर्षांपासून घराजवळच्या एका खासगी अकादमीत फुटबॉल शिकतो. तीन आठवड्यांपूर्वी सराव सामन्यात हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारण्यासाठी उडी घेताना त्याचे डोके दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर आदळले. तो काही वेळ सुन्न बसून राहिला. सरांनी तोंडावर पाणी मारले आणि पाच मिनिटांत त्याला पुन्हा मैदानात उतरवले. त्या रात्री त्याला एकदा उलटी झाली, दोन दिवस डोके दुखत राहिले आणि तिसऱ्या दिवशी तो सरावाला गेला. (‘सरांना सांगू नकोस, मग ते मला टीममध्ये घेणार नाहीत,’ असे तो म्हणाला, हे त्यांनी कंसात लिहिले आहे.) परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या मध्यापासून रोज दुपारी चार वाजता उन्हाळी शिबिर सुरू होणार आहे. मे महिन्याच्या अखेरीस कोल्हापूरला दोन रात्रींच्या मुक्कामाची स्पर्धा आहे. तेथे चौदा मुलांना सर एकटेच नेणार आहेत आणि ‘आई-वडील आले की मुले बिथरतात’ म्हणून पालकांनी येऊ नये, असे त्यांनी सांगितले आहे. सर मुलांच्या फोनवर थेट, कधीकधी रात्री उशिराही, मेसेज पाठवतात. मात्र सरांविषयी कोणाचीही तक्रार नाही. फी नाममात्र आहे, गरीब मुलांना तर ते फुकट शिकवतात. यजमान म्हणतात, ‘खेळात लागायचेच, पोराला बुळा करू नकोस.’ सासूबाई म्हणतात, ‘ते फुटबॉल आधी बंद करा.’ मुलाला काढून घ्यावे की सरांवर विश्वास ठेवून गप्प राहावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. दुखते आहे हे सांगितले तर संघातली जागा जाईल, असा हिशेब तुमच्या मुलाने मांडला आणि तो गप्प राहिला. शंका बोलून दाखवली तर मुलाचे नाव कापले जाईल, असा हिशेब तुम्ही मांडलात आणि तुम्हीही गप्प राहिलात. मायलेकांनी वेगवेगळा विचार करून एकच उत्तर काढले आहे, आणि मला काळजी वाटते ती डोक्याला लागलेल्या मारापेक्षा या उत्तराची. मार लागला हे सांगणारे मूल वाचवता येते. तो लपवणाऱ्या मुलापुढे चांगला प्रशिक्षक आणि चांगला डॉक्टर हे दोघेही हतबल होतात.

तुम्ही माझ्यापुढे ठेवलेले दोन्ही पर्याय हाच हिशेब पक्का करतात, म्हणून मला ते दोन्ही पटत नाहीत. गप्प राहिलात तर लपवणे हीच रीत आहे, असे त्याला वाटेल. काढून घेतलेत तर त्याची भीती खरी ठरेल, कारण आईला सांगितले आणि खेळ गेला. त्याच्या बरोबरची तेरा मुलेही हा धडा घेतील आणि पुढच्या वेळी त्यांच्यापैकी कोणी डोके धरून बसणार नाही. त्यामुळे ‘काढावे की ठेवावे’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि ‘सांगितल्यावर खेळ जाणार नाही, अशी व्यवस्था येथे होऊ शकते का’ हे आधी पाहा. ती होऊ शकत नाही असे दिसले, तर काढून घेण्याचा निर्णय आपोआप सोपा होईल.

आता त्या माराविषयी. मी डॉक्टर नाही, म्हणून पहिली सूचना हीच की, तीन आठवडे उलटले असले तरी या आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घडलेले सगळे, उलटीसकट, त्यांना सांगा. डोके आदळल्यावर मेंदूला हादरा बसतो, त्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते, हा आपल्याकडचा सार्वत्रिक गैरसमज आहे. सुन्न होणे, गोंधळणे, स्कोअर किंवा आत्ताच काय झाले ते न आठवणे, तोल जाणे, डोके दुखणे, मळमळणे, उजेड किंवा आवाज सहन न होणे यांपैकी एखादे लक्षणही पुरेसे असते. ती काही वेळा तासाभराने, काही वेळा दुसऱ्या दिवशी दिसू लागतात, आणि पाच मिनिटांत मूल ‘बरे’ दिसले याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. जगभरातल्या फुटबॉलमध्ये आता एकच साधा नियम सांगितला जातो: डोक्याला मार लागला आणि शंका आली, तर त्या दिवशी त्या खेळाडूने पुन्हा मैदानात उतरायचे नाही. सामना अंतिम फेरीचा असला तरी नाही आणि मूल ‘मी ठीक आहे’ म्हणाले तरी नाही. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला धोकादायक सूज येऊ शकते. असे क्वचित घडते, पण घडते तेव्हा ते बहुधा कोवळ्या वयात आणि जिवावर बेतणारे असते.

तुमच्या मुलाला त्याच रात्री रुग्णालयात न्यायला हवे होते, हे मी दोष म्हणून नव्हे तर पुढच्या वेळेसाठी आणि इतर वाचकांसाठी लिहितो आहे. डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या होऊ लागल्या, डोकेदुखी वाढत गेली, मूल जागे करूनही नीट जागे होईना, असंबद्ध बोलू लागले, झटका आला, हातपाय लुळे पडले, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसली किंवा मान दुखू लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करावा किंवा सरळ सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, अथवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जावे. सीटी स्कॅन करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. स्कॅन मुख्यतः आत रक्तस्राव किंवा कवटीला इजा आहे का ते पाहण्यासाठी असतो. तो स्वच्छ आला म्हणजे हादरा बसलाच नव्हता, असा त्याचा अर्थ नाही.

तोवर तुम्ही घरी काय पाहायचे? धावल्यावर त्याचे डोके दुखते का, वाचताना ओळी निसटतात का, तो उगाच चिडतो किंवा रडवेला होतो का, झोप बिघडली आहे का. यांतले काही असेल तर डॉक्टरांच्या परवानगीपर्यंत सराव बंद. काही नसेल तरीही एकदा तपासून घ्यावे, असे माझे मत आहे. साधारणपणे पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल-टीव्ही कमी, मग हळूहळू शाळा, शाळा नीट जमू लागल्यावर चालणे, पळणे, एकट्याने चेंडू खेळवणे, आणि शेवटी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, धक्काबुक्कीचा खेळ असा परतीचा क्रम असतो. मैदानावरच्या प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा आणि त्रास वाढला तर एक पायरी मागे यायचे. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, कधी चार आठवडेही लागतात. तुमचा मुलगा तिसऱ्या दिवशी मैदानावर होता.

हेडरबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण सरांशी बोलताना तो विषय निघेल. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडर बंद केला आणि अकरा ते तेरा वयोगटात सरावातले हेडर मर्यादित केले. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांनी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकले. डोक्याच्या बहुतेक मोठ्या इजा चेंडू लागून होत नाहीत. चेंडूसाठी दोघे एकाच वेळी उडी घेतात तेव्हा डोक्यावर डोके किंवा कोपर आदळून त्या होतात. तुमच्या मुलाचे नेमके तेच झाले. अकरा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबरचा चेंडू असतो. मोठ्यांचा पाच नंबरचा, हवा ठासून भरलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर नको, एवढे तर कोणत्याही प्रशिक्षकाला सहज मान्य व्हावे.

यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खेळात लागतेच. गुडघा खरवडतो, घोटा मुरगळतो, पोटरीवर लाथ बसते, आणि यातून मूल धीट होते हेही खरे. पण ते ज्याला धीटपणा म्हणतात तो गुडघ्यासाठी आहे, मेंदूसाठी नाही. घरी वाद घालण्याऐवजी त्यांना एक-दोन संध्याकाळी मैदानावर घेऊन जा आणि आपल्या मुलाला काय सोसावे लागते ते त्यांनाच पाहू द्या. ‘बुळा’ हा शब्द मात्र मुलासमोर वापरू नका, असे त्यांना माझ्या वतीने सांगा. दुखणे लपवण्याचे शिक्षण बहुधा त्याच शब्दापासून सुरू होते.

सरांवरच्या विश्वासाकडे येऊ. सर भले आहेत असे तुम्ही लिहिता आणि मी ते मानून चालतो. तुम्ही मात्र असे धरून चालला आहात की, भल्या माणसाला नियम विचारणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे. आपल्या पूर्व भागातल्या कारखान्यात यंत्रमागाच्या पट्ट्यावर जाळी बसवतात, ती कामगार वाईट आहे म्हणून नाही. माणूस कितीही कुशल असला तरी एखाद्या क्षणी हात घसरतो, हे माहीत असते म्हणून ती असते. एका माणसाने चौदा मुलांना शिकवायचे, त्यांची शिट्टी वाजवायची, जखमा बघायच्या, पाणी पाजायचे, शिवाय सामना जिंकायचा, या व्यवस्थेत सर देवमाणूस असले तरी काहीतरी निसटणारच. त्या दिवशी तेच निसटले. डोके आदळलेल्या मुलाकडे शांतपणे बघायला त्यांच्याजवळ दुसरा माणूसच नव्हता.

शिबिराच्या वेळेबद्दल मी अधिक ठाम आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो हे येथे कोणाला सांगायला नको, आणि दुपारी चार ही दिवसाच्या सर्वांत तापलेल्या वेळेला लागून असलेली वेळ आहे. मुरमाचे मैदान तेव्हा खालूनही भाजत असते. या दिवसांत सकाळी सहा ते साडेसात किंवा संध्याकाळी सहानंतर, अंधार पडेपर्यंत, एवढीच वेळ मुलांना पळवण्यास योग्य आहे. परीक्षेच्या काळात घरात बसलेल्या मुलांना पहिल्याच दिवशी दीड तास पळवू नये. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून पहिले काही दिवस वेळ आणि जोर दोन्ही कमी ठेवावेत. दर पंधरा-वीस मिनिटांनी खेळ थांबवून सगळ्यांनी पाणी प्यायचे, तहान लागो न लागो. ‘पाणी पीत बसलात तर स्टॅमिना कधी येणार’ असे म्हणणारे प्रशिक्षक अजून आहेत. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलमध्ये नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात उष्म्यामुळे पंचांनी खेळ थांबवून खेळाडूंना पाणी प्यायला लावले होते, आणि तेथे स्टॅमिनाची कमतरता असलेला कोणी नव्हता, हे त्यांना सांगता येईल.

पाणी घरूनच द्या. आपल्या शहरात नळाला दिवसाआड नव्हे तर कित्येकदा चार-पाच दिवसांनी पाणी येते. अशा वेळी मैदानावरच्या टाकीत काय आणि कधीचे आहे याचा भरवसा कोण देणार? साधे पाणी, सरावानंतर मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबत एवढे निरोगी मुलाला पुरते. जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा फारच घाम गेला असेल तर ओआरएस द्या, पण पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पाकीट विरघळवा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर पूड टाकण्याची पद्धत चुकीची आहे. औषधाच्या दुकानात फळांच्या चवीची गोड पेये ओआरएस म्हणून खपवली जात होती, ते नाव लावण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले आहे असे लिहिलेलेच पाकीट घ्या.

उष्माघात मात्र सरबताने बरा होत नाही. खेळता खेळता मूल अडखळू लागले, वेडेवाकडे बोलू लागले, चिडचिडे किंवा गुंगल्यासारखे झाले, अंग तापून निघाले, तर घाम येतो आहे की नाही याची चिकित्सा करत बसू नये. पळण्यामुळे आलेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो. सावलीत आणायचे, जर्सी-मोजे काढायचे, अंगावर भरपूर थंड पाणी ओतायचे, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ किंवा गार ओले टॉवेल ठेवायचे, वारा घालायचा आणि १०८ ला बोलवायचे. गाडी येईपर्यंत थांबून मग दवाखान्यात थंड करू, असे करायचे नाही, कारण थंड करण्यात गेलेला वेळच जीव वाचवतो. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये. मैदानावर बर्फाची एक पेटी आणि चार-सहा टॉवेल हवेत, आणि टॉवेलसाठी सोलापूरने तरी कोणाकडे पाहायला नको. याच दिवसांत वळीव येतो. गडगडाट ऐकू आला की मैदान सोडायचे, लिंबाच्या झाडाखाली उभे राहायचे नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय परतायचे नाही.

आता कोल्हापूर. कोल्हापूरचे फुटबॉलवेड, तालीम मंडळांचे संघ, शाहू स्टेडियमची गर्दी हे सगळे मुलांनी पाहावेच. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. तेव्हा जाण्याला माझा विरोध नाही. एका प्रौढाने चौदा मुलांना घेऊन दोन रात्री बाहेर राहण्याला मात्र आहे, आणि तो सर कोण आहेत यावर अवलंबून नाही. रात्री अकराला एका मुलाला ताप आला, तर त्याला घेऊन दवाखान्यात कोण जाणार आणि उरलेल्या तेरांजवळ कोण थांबणार? एवढ्या एका प्रश्नानेच दुसऱ्या प्रौढाची गरज सिद्ध होते. दुसऱ्या कारणाचा उच्चारही करावा लागत नाही.

पण तो येथे केला पाहिजे, कारण बहुतेक पालक तो टाळतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, लैंगिक गैरवर्तन सोसावे लागल्याचे सांगणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलगे होते, आणि असे वागणारे बहुधा ओळखीचे, विश्वासातले असतात असे आढळले होते. ‘आपला तर मुलगा आहे’ हे समाधान म्हणूनच फसवे आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. असा गुन्हा घडला किंवा घडण्याची शक्यता आहे हे कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाही त्यात अपराध आहे. तुमच्या पत्रात असे काही घडल्याची खूण नाही, आणि सरांवर मी कोणताही आरोप करत नाही, हे स्पष्टपणे लिहून ठेवतो. रात्रीचे मेसेज, पालकांना दूर ठेवणे, एकट्या प्रौढाबरोबर मुक्काम या गोष्टी भोळेपणातूनही होतात. वाईट हेतूच्या माणसालाही नेमक्या याच गोष्टी लागतात. म्हणून जेथे त्या नसतात तेथे मुले सुरक्षित राहतात आणि प्रशिक्षकाच्या नावालाही धक्का लागत नाही. हा मुद्दा सरांना पटण्यासारखा आहे. उद्या कोणी खोटेनाटे बोलले तर दुसरा प्रौढ हाच त्यांचा साक्षीदार असेल.

त्यासाठी काय मागायचे? निरोप फक्त पालक असलेल्या ग्रुपवर, मुलांच्या फोनवर खासगी मेसेज नाही. बंद खोलीत किंवा गाडीत एक प्रौढ आणि एक मूल असा प्रसंग येऊ द्यायचा नाही. मुक्कामात प्रौढांची झोपण्याची खोली वेगळी, पण शेजारची. संघात मुली असतील तर बरोबर बाई हवीच. मुक्कामाचा पत्ता, गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन पालकांकडे हवा, आणि मंगळवेढा-सांगोला-मिरज हा चार-पाच तासांचा रस्ता दिवसाउजेडी कापायचा. फिफाने २०१९ मध्ये ‘गार्डियन्स’ नावाचा बालसुरक्षेचा कार्यक्रम सुरू केला, त्यातही राष्ट्रीय संघटनांकडून अशाच लेखी नियमांची अपेक्षा आहे. तेव्हा तुम्ही मागता ते जगावेगळे नाही. महाराष्ट्रातल्या शाळांना २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समिती नेमावी लागते, पण मैदान भाड्याने घेऊन चालणाऱ्या खासगी अकादमीपर्यंत ती व्यवस्था पोहोचत नाही. तेथे पालकच समिती. सरांकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षक परवाना आहे का, हेही विचारा. तो असला तर त्यांना शिकवता येते एवढे कळेल. बाकीची काळजी त्याने मिटत नाही.

मैदानावरच्या काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी येता-जाता पाहून घ्या. उचलून हलवता येणारे लोखंडी गोलखांब जमिनीला खिळलेले किंवा मागच्या पट्टीवर वाळूच्या पोत्यांनी दाबलेले असावेत. मुले त्यांना लोंबकळतात आणि ते पुढे पडतात. परदेशात यात मुले दगावली आहेत. नडगीचे गार्ड हे खेळाच्या नियमांतच सक्तीचे आहे. कडे, साखळी, कानातले काढूनच खेळायचे, वर चिकटपट्टी लावणे चालत नाही. पायाच्या टाचेला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली सतत दुखत असेल तर ते वाढीच्या वयातले दुखणे असू शकते, ते दामटू नये. दहाव्या वर्षी द्यायची धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही कार्डावर बघा. आणि सर पुस्तकी नियमांना कंटाळत असतील तर त्यांना फिफाचा ‘इलेव्हन प्लस किड्स’ हा वॉर्मअप दाखवा. युरोपातल्या चार देशांत सात ते तेरा वर्षांच्या सुमारे ३,९०० मुलांवर त्याची चाचणी झाली आणि तो करणाऱ्या संघांत इजा ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याला पैसा लागत नाही, फक्त रोजची काही मिनिटे लागतात.

बोलायचे कसे, यावर तुमचे सगळे अडले आहे. मुलांसमोर, मैदानावर किंवा ग्रुपवर नको. सरांना वेळ मागा, यजमानांना बरोबर न्या, आणि शक्यतो आणखी दोन-तीन पालक असू द्या, म्हणजे प्रश्न ‘अमुकच्या आईचा’ राहत नाही. सुरुवात अशी करता येईल: ‘सर, तुम्ही एकटे इतकी मुले सांभाळता, आम्हाला त्यात हातभार लावायचा आहे. त्या दिवशी याचे डोके आदळले, रात्री उलटी झाली आणि भीतीने आम्ही तुम्हाला सांगितलेच नाही. असे पुन्हा होऊ नये म्हणून डोक्याला लागले की त्या दिवशी बाहेर बसायचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनंतर परत यायचे, पण संघातली जागा तशीच राहील, हे तुम्हीच सगळ्या मुलांना सांगाल का?’ त्यातले शेवटचे वाक्य गाळू नका. जागा राहील हे सरांच्या तोंडून ऐकले, तरच मुले खरे बोलतील. मग पाळीने एक पालक रोज मैदानावर थांबेल, कोल्हापूरला दोघे येतील, बर्फाची पेटी आम्ही आणू, असे देऊ करा. ‘पालक आले की मुले बिथरतात’ ही सरांची तक्रार खोटी नाही. सीमारेषेवरून ओरडणारे बाप मीही पाहिले आहेत. तेव्हा बरोबर येणारे पालक खेळाबद्दल एक शब्द बोलणार नाहीत, असे वचन द्या आणि पाळा.

हे बोलणे तुम्हालाच करावे लागेल याला आणखी एक कारण आहे. फुकट शिकणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना कारखान्यातून किंवा विड्यांच्या कामातून सुटी काढून सरांना प्रश्न विचारणे परवडत नाही. उपकाराखाली असलेल्या माणसाचे तोंड तर आधीच बंद असते. ठरलेले नियम एका कागदावर लिहा आणि ते पालकांना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही वाचून दाखवा. आपल्याकडे ते करणारे कोणीतरी प्रत्येक गल्लीत सापडते.

मुलाशी बोलताना ‘सर चांगले आहेत ना?’ असे विचारू नका, त्याचे उत्तर ‘हो’ एवढेच येते. सरावात आज काय झाले, कोणाला लागले, मग सरांनी काय केले, मेसेजमध्ये काय येते, कोणती गोष्ट घरी सांगू नको असे कोणी म्हणाले का, असे विचारा आणि उत्तर ऐकून लगेच तोंड पाडू नका. डोके दुखल्याचे त्याने तुम्हाला सांगितले ते चांगले केले, आणि सांगितल्यामुळे त्याचा खेळ जाणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. कधी खरोखर भीतीदायक काही कळलेच, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक आहे. ते आधी सरांना विचारून शहानिशा करण्याचे प्रकरण नसते.

सर ऐकतील, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. नाही ऐकले तर? शिबिराची वेळ किंवा चेंडूचा आकार यावर थोडी ओढाताण चालेल, अर्धे आज आणि अर्धे पुढच्या वर्षी असेही चालेल. पण डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी परत न उतरवणे आणि मुक्कामाला दुसरा प्रौढ असणे या दोन गोष्टींवर तडजोड नको. दुसरी मान्य झाली नाही तर मुलाला फक्त कोल्हापूरला पाठवू नका. पहिली मान्य झाली नाही, किंवा विचारल्याचा राग मुलावर काढला गेला, तर अकादमी सोडा. फुटबॉल सोडायला सांगू नका. शाळेचा संघ आहे, कुमठे नाक्याकडच्या क्रीडा संकुलात चौकशी करता येईल, आणि काही महिने मित्रांबरोबर नुसता चेंडू खेळला तरी त्याचे काही बिघडणार नाही. सासूबाईंनाही हेच सांगा.

शिबिर एप्रिलच्या मध्यात आहे, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन-अडीच आठवडे आहेत. आधी डॉक्टर, मग सरांची भेट, असा क्रम ठेवा. डॉक्टरांनी काय सांगितले ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी बरोबर न्या. कोल्हापूरचे पैसे ती भेट झाल्यावरच भरा.